दोन मालिकांच्या मधले महिने

ऐरोलीला राहणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, त्यांची २२ वर्षांची मुलगी ठाण्यातल्या महाविद्यालयातून बी.कॉम. झाली, एकांकिका स्पर्धांमध्ये तिला दोनदा अभिनयाचे पारितोषिक मिळाले आणि आता घोडबंदर रस्त्यावर चित्रीकरण होणाऱ्या एका दैनंदिन मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी तिची निवड झाली आहे. करार तीन वर्षांचा आहे. वडिलांचे म्हणणे असे की, तिने आधी बँकेची परीक्षा द्यावी. ताईंना जाणून घ्यायचे आहे की, मालिकांत काम करणाऱ्या अभिनेत्रीचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते, त्यावर घर चालते का, वय वाढले की काम मिळते का, घरच्यांनी काय करावे, आणि मालिका संपल्यावर या मुली पुढे काय करतात.

ताई, मी २००२ पासून या व्यवसायात आहे. सात मालिका केल्या, त्यातल्या दोनच गाजल्या. त्या अनुभवावरून सांगते, तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. मालिका चालू असताना प्रत्येकीचे बरे चाललेले असते. अभिनेत्रीची खरी कारकीर्द ठरते ती एक मालिका संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत. ते महिने कधी चार असतात, कधी चाळीस. त्या काळात तिच्या खात्यात किती पैसे आहेत, तिच्या हातात दुसरे कोणते काम आहे आणि तिच्याबद्दल लोक काय बोलतात, या तीन गोष्टींवर पुढचे सगळे अवलंबून असते. आणि या तिन्हींची तयारी आधीची मालिका चालू असतानाच करावी लागते.

हे असे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात पडद्यावर दिसणाऱ्या स्त्रिया दूरचित्रवाणीवर पोट भरत नव्हत्या. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या दोघीही तिथे बातम्या वाचत. पण त्यांचे नाव झाले ते एकीचे चित्रपटात आणि दुसरीचे रंगभूमीवर. १९८५ मध्ये ‘रजनी’मुळे प्रिया तेंडुलकर देशभर घराघरांत पोहोचल्या, मृणाल कुलकर्णी शाळकरी वयात ‘स्वामी’मध्ये रमाबाई झाल्या. पण त्या साप्ताहिक आणि मोजक्या भागांच्या मालिका होत्या. मालिका हा तेव्हा पाहुणचार होता. स्वयंपाकघर रंगभूमीचे किंवा नोकरीचे असायचे. चित्र पालटले ते १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि त्याच्या पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर. अल्फाची २००५ मध्ये झी मराठी झाली, २००८ मध्ये स्टार प्रवाह आली, ई टीव्हीची २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली, २०१८ मध्ये सोनी मराठी आली. रोज नवा भाग दाखवायचा म्हणजे रोज चित्रीकरण करायचे, आणि रोज चित्रीकरण म्हणजे अभिनेत्रीला महिन्याचे वीस-बावीस दिवस काम. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे ३,००० हून अधिक भाग झाले. एखाद्या सरकारी खात्यात बाई जितकी वर्षे एका टेबलावर काढेल, तितकी वर्षे एका भूमिकेत काढता येऊ लागली. मात्र त्या टेबलाला निवृत्तिवेतन असते, भूमिकेला नसते.

ठाण्याचा या सगळ्याशी जवळचा संबंध आहे. मुंबईत जागा परवडेनाशी झाल्यावर मराठी मालिकांचे बरेचसे सेट घोडबंदर रस्त्याच्या आजूबाजूला आले. कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा या पट्ट्यात बंगले आणि गोदामे भाड्याने घेऊन तिथे देशमुखांचे वाडे आणि पाटलांची स्वयंपाकघरे उभी राहिली. कोल्हापूर, नागपूर, सांगलीहून आलेल्या मुली याच पट्ट्यातल्या उंच इमारतींत तिघी-तिघी मिळून घर घेतात, अकरा महिन्यांच्या करारावर. तुमची मुलगी घरून जाऊ शकेल, हा तिचा मोठा लाभ आहे. तरीही ऐरोलीहून पटनीच्या पुढे कळवा, ठाणे, मग माजिवडा, कापूरबावडी आणि मानपाडा हा प्रवास तिला गृहीत धरावा लागेल. गायमुख घाटात दुरुस्ती निघाली किंवा एखादा ट्रक बंद पडला की पातलीपाड्यापर्यंत रांग लागते. तिला ९ चा कॉल, म्हणजे चित्रीकरणाची वेळ, असेल तर मेकअप आणि केसांसाठी तिने ८ वाजता सेटवर असायला हवे, म्हणजे घरातून पावणेसातला निघायला हवे. रात्री ९ ला पॅकअप झाले तर मेकअप उतरवून घरी यायला साडेदहा. हे आठवड्यातले पाच-सहा दिवस.

दिवसभर काय चालते, तेही सांगते. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो आणि तेवढे रोज चित्रित झालेच पाहिजे. मालिका सुरू होताना हातात आधीच चित्रित केलेल्या पंधरा-वीस भागांची ‘बँक’ असते. पहिल्या तीन-चार महिन्यांत ती संपते आणि मग आज चित्रित केलेले परवा दिसते. सीनची पाने कधी आदल्या रात्री फोनवर येतात, कधी मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते पाहून वाहिनी कथेचा ट्रॅक बदलते, आणि सोमवारी प्रेमळ असलेली बहीण शुक्रवारी कारस्थान करू लागते. ज्या मुलीला पाठांतर चटकन होते आणि बदललेले कारण मनाला पटवून घेता येते, तिचे निभते. एकांकिकेत दीड महिना तालीम केलेल्या मुलीला पहिले काही महिने हे फार जड जाते. तालमीशिवाय उभे राहणे म्हणजे खोटे वागणे, असे तिला वाटते. तसे ते नाही, ते वेगळे कसब आहे.

एक प्रसंग सांगते. माझी पहिली मालिका होती. सत्यनारायणाच्या पूजेचा चार पानांचा सीन, घरातली अकरा माणसे. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, झाला, मग दोघा-दोघांचे शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचे क्लोज. प्रत्येकाच्या नुसत्या प्रतिक्रिया तीन-तीनदा घेतल्या: एकदा धक्का, एकदा संशय, एकदा राग, म्हणजे संकलकाला हवी ती उचलता येते. माझा क्लोज शेवटी लागला तेव्हा रात्रीचे ८.४० झाले होते. सासूची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ बाईंचे काम संपले होते, त्यांची गाडी खाली उभी होती. समोरच्याची वाक्ये अशा वेळी सहायक दिग्दर्शक वाचून दाखवतो आणि ती सपाट वाचली जातात. बाईंनी चपला काढल्या, पैठणीचा घोळ हातात धरला आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, लेन्सच्या अगदी शेजारी उभ्या राहून मला पूर्ण आवाजात, डोळ्यांत पाणी आणून क्यू दिले. ते पाणी कोणालाच दिसणार नव्हते. मला रडायला ग्लिसरीन लागले नाही. दिग्दर्शक, कॅमेरामन, ड्रेसदादा, लाइटवाली मुले, सगळ्यांनी ते पाहिले. त्या बाई आजही काम करत आहेत आणि त्यांना काम मागावे लागलेले मी पाहिले नाही. या क्षेत्रात कलाकाराची कीर्ती अशी पसरते: मेकअपरूममधून, स्पॉटदादांकडून, एका सेटवरून दुसऱ्या सेटवर जाणाऱ्या सहायक दिग्दर्शकांकडून. तुमची मुलगी वेळेवर येते का, दुसऱ्याच्या क्लोजला थांबते का, सातव्यांदा रडायचे असताना चिडते का, हे तिच्या पुढच्या कामाच्या आधीच पुढे पोहोचलेले असते.

आता पैशाबद्दल. मानधन दिवसावर ठरते. समजायला सोपे जावे म्हणून दिवसाला ५,००० रुपये धरू. महिन्यात २० दिवस काम झाले तर १ लाख होतात. निर्मितीसंस्था त्यातून १० टक्के कर आधीच कापते, म्हणजे हातात ९०,००० येणार. ते कधी येणार, हा खरा मुद्दा आहे. आपल्याकडे ९० दिवसांची रीत आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे बिल जूनअखेरीस जाते आणि पैसे सप्टेंबरअखेरीस मिळतात. म्हणजे पहिले चार महिने मुलगी रोज पडद्यावर दिसते, शेजारी पेढे मागतात, दुकानदार तिला ओळखतात आणि तिच्या खात्यात काहीही नसते. येण्याजाण्याचे, त्वचेच्या डॉक्टरचे, सेटबाहेर चांगले दिसण्याचे पैसे मात्र चालू असतात. या चार महिन्यांत घरून आधार नसलेल्या मुली कर्ज काढतात आणि पुढचे वर्षभर ते फेडतात. याउलट शेवटच्या महिन्याचे पैसे मालिका बंद झाल्यावर तीन महिन्यांनी येतात. ते मिळून गेले की खरी पोकळी सुरू होते, त्याआधी ती जाणवत नाही.

कापलेला कर म्हणजे भरलेला कर, असा गैरसमज मी स्वतः दोन वर्षे बाळगला. उत्पन्न वाढले की वरचा कर आगाऊ भरावा लागतो, नाहीतर व्याज लागते. वर्षाची मिळकत २० लाखांच्या पुढे गेली तर वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. पहिल्या महिन्यापासून एक चांगला सनदी लेखापाल धरावा आणि दरवर्षी विवरणपत्र भरावे, कामाशिवायच्या वर्षीसुद्धा. पुढे घरासाठी कर्ज काढायला गेल्यावर बँक चेहरा ओळखते, पण मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रेच मागते. माझा स्वतःचा नियम असा आहे की, हातात आलेल्या प्रत्येक रकमेतले निम्मे पैसे लगेच दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि ते पुढच्या रिकाम्या महिन्यांचे समजायचे. हा नियम मला कोणी शिकवला नाही, २००७ सालच्या सात महिन्यांनी शिकवला.

त्या सात महिन्यांचे कारण एक करार होता, म्हणून कराराकडे येते. माझ्या दुसऱ्या मालिकेच्या करारात असे होते की, मालिका चालू असेपर्यंत मी दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर काम करणार नाही. मला ते रास्त वाटले. पण महिन्याला किमान किती दिवस काम देणार, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. सहाव्या महिन्यात आकडे घसरले, कथा दुसऱ्या घराकडे वळली आणि माझ्या पात्राला शिक्षणासाठी परदेशी पाठवले. पुढच्या सात महिन्यांत मला एकूण ११ दिवसांचे काम मिळाले. पात्र मेलेले नव्हते, म्हणून करार जिवंत होता, आणि करार जिवंत होता म्हणून मी समोर आलेली एक चांगली भूमिका घेऊ शकले नाही. निर्मितीसंस्थेने काही बेकायदा केले नव्हते. मी सही केली होती.

म्हणून ताई, तीन वर्षांचा करार या शब्दांनी घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. तीन वर्षे बांधून घेतले म्हणजे तीन वर्षे काम दिले, असे होत नाही. बहुतेक करारांत मालिका कधीही बंद करण्याचा आणि कलाकार बदलण्याचा अधिकार निर्मात्याकडे असतो. अट एकच धरून बसा: बंधन असेल तर त्याच्यासमोर दिवसांची हमी असली पाहिजे. महिन्याला किमान इतके दिवस काम द्यायचे, आणि नाही दिले तरी तितक्या दिवसांचे मानधन द्यायचे. नवीन मुलीला ही हमी सहज मिळत नाही, हे खरे आहे. मग निदान एवढे तरी लिहून घ्यावे की, सलग दोन महिने ठरावीक दिवसांपेक्षा कमी काम आले तर तिला बाहेर काम करण्याची मोकळीक राहील. त्याशिवाय सोडून जायचे असल्यास किती दिवस आधी कळवायचे, जाहिरातीच्या कार्यक्रमांना बोलावले तर त्याचे मानधन वेगळे की त्यातच धरलेले, आणि नाटकाच्या प्रयोगांसाठी महिन्यात किती शनिवार-रविवार सोडणार, हे शब्दांत हवे. ‘आपण बघून घेऊ’ या वाक्यावर माझ्या किती मैत्रिणींचे प्रयोग बुडाले, त्याची गणती नाही. करार घरी आणावा, वकिलाला दाखवावा. दोन दिवस मागितल्याने कोणाचे काम गेलेले मी पाहिले नाही.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण आईच्या मनात ते असतेच. चित्रीकरणाचा सेट हे कायद्याने कामाचे ठिकाण आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. पहिल्याच आठवड्यात समितीच्या सदस्यांची नावे विचारून घ्यावीत. ते विचारण्यात कोणावर आरोप नसतो. निवडीसाठी पैसे मागणारा, किंवा ऑडिशनला निर्मितीसंस्थेच्या कार्यालयाऐवजी दुसरीकडे कुठे बोलावणारा माणूस हा या व्यवसायातला नसतो, एवढे पक्के लक्षात ठेवावे.

आता मालिका संपते तेव्हा. माझी सर्वांत गाजलेली मालिका बंद होणार असल्याचे आम्हाला अकरा दिवस आधी कळले. शेवटच्या दिवशी केक कापला, सगळ्यांनी फोटो काढले, मग मी मेकअपरूममध्ये जाऊन साडी सोडली. ड्रेसदादा दाराशी वही घेऊन बसले होते. मी एकेक वस्तू त्यांच्या हातात दिली आणि ते वहीतल्या ओळीवर रेघ मारत गेले: हिरव्या बांगड्या १ डझन, जोडवी १ जोड, मंगळसूत्र १ नग. ते मंगळसूत्र मी दोन वर्षे आणि चार महिने, दिवसाचे बारा तास घातले होते. दादांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीवर पात्राचे नाव लिहिले आणि मला म्हणाले, “ताई, परत भेटू.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला नेहमीप्रमाणे जाग आली.

त्यानंतरचे पहिले दोन महिने लोक रस्त्यात थांबवून पात्राच्या नावाने हाक मारतात. चौथ्या महिन्यात विचारतात, “सध्या काय चालू आहे?” आठव्या महिन्यात काही विचारत नाहीत. तेव्हा मुलगी घाबरते आणि समोर येईल ती भूमिका घेते. हीच चूक महागात पडते, कारण एका पडेल मालिकेचा शिक्का पुसायला दोन वर्षे जातात. थांबण्याची ऐपत हवी, आणि ऐपत पैशाइतकीच हातातल्या दुसऱ्या कामाने येते. तेजश्री प्रधान यांचे उदाहरण घ्या. ‘होणार सून मी ह्या घरची’ २०१६ च्या सुरुवातीला संपली तेव्हा लोकप्रियता शिगेला होती. त्यांची पुढची मोठी मालिका ‘अग्गंबाई सासूबाई’ आली २०१९ मध्ये. मधल्या काळात त्यांनी चित्रपट केले, रंगभूमीवर काम केले. प्रेक्षकाला ती तीन-साडेतीन वर्षे विश्रांती वाटते, पण व्यवसायातल्या माणसाला त्यात शिस्त दिसते. अमृता सुभाष राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या; ‘अवघाचि संसार’ने त्या घरोघरी पोहोचल्या आणि पुढे ‘अस्तु’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुक्ता बर्वे पुण्याच्या ललित कला केंद्रातल्या. मालिका मोजक्या आणि निवडून, नाटक मात्र सतत. या तिघींचे मार्ग वेगळे आहेत, पण मालिकेखेरीज उभे राहायला दुसरी जमीन प्रत्येकीने राखली आहे.

तुमच्या मुलीसाठी ती जमीन कोणती, याचा विचार आत्तापासून करा. ती एकांकिकेतून आली आहे, म्हणून नाटक तिने सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गडकरी रंगायतन तिच्या सेटपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, घाणेकर नाट्यगृह तर वाटेवर आहे आणि वाशीला तुमच्या बाजूला भावे नाट्यगृह आहे. प्रयोगाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, मालिकेच्या दिवसाइतकी मिळत नाही, पण ती हाती लवकर येते आणि आवाज, श्वास, देहबोली जागी ठेवते. सलग दोन वर्षे क्लोजमध्ये अभिनय केला की शरीर गळ्यापासून खाली विसरते, हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. दुसरे म्हणजे आवाजाचे काम: डबिंग, जाहिरातींचा आवाज, श्राव्य पुस्तके. ज्यांचे मराठी उच्चार स्वच्छ आहेत त्यांना हे काम वय, वजन, रूप काहीही न विचारता मिळते. मी मागची पाच वर्षे घराचा हप्ता त्यातूनच भरते आहे. गणेशोत्सव, दहीहंडी, हळदीकुंकवाच्या समारंभांना पाहुणी म्हणून जाण्याच्या सुपाऱ्याही असतात. त्या घ्याव्यात, पण त्या मालिकेच्या प्रसिद्धीवर जगतात. मालिका गेली की वर्षभरात आटतात. त्यांना उत्पन्न न समजता बोनस समजावा.

वयाचा प्रश्न तुम्ही विचारलात, तेव्हा मला थोडे बरे वाटले, कारण त्याचे उत्तर पूर्वीपेक्षा आशादायक आहे. मी आले तेव्हा तिशी उलटलेली बाई एकतर वहिनी किंवा खलनायिका व्हायची. ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये निवेदिता सराफ यांच्या आसावरीभोवती संपूर्ण कथा फिरली आणि ‘आई कुठे काय करते’ ही मालिका मधुराणी प्रभुलकर यांच्या अरुंधतीने डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षे, पेलली. रोहिणी हट्टंगडी यांनी १९८२ च्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारल्या आणि त्यानंतर जवळपास दोन दशकांनी ‘चार दिवस सासूचे’मधली सासू अशी उभी केली की तीच मालिकेची ओळख झाली. मराठी मालिका पाहणारी बाई स्वतः चाळिशी-पन्नाशीची असते, म्हणून चाळिशीच्या अभिनेत्रीला इथे जागा आहे. अडचण येते ती मधल्या टप्प्यावर, साधारण ३० ते ३८ या वयात, जेव्हा ती नायिकेची बहीण दिसत नाही आणि आईही दिसत नाही. बहुतेकींचे लग्न आणि बाळंतपण याच काळात येते. आपण नोकर नसतो, करारावर काम करणारे व्यावसायिक असतो, म्हणून नोकरदार स्त्रीला मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा आपल्याला नाही. काही निर्माते कथेत पात्राला गरोदर दाखवून सांभाळून घेतात, काही दुसरी मुलगी आणतात. माझ्या वेळी दुसरी मुलगी आणली. मला राग आला होता, आजही थोडा आहे, पण त्या काळाची तजवीज तिशीच्या आधी करून ठेवायची असते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते म्हणून इथे सांगते आहे.

आणि एक पोकळी अशी होती जिची तजवीज कोणीच केलेली नव्हती. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरणे थांबली. तीन महिन्यांनी सुरू झाली तेव्हा ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास मनाई होती. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ज्यांचे घर त्या रोजच्या मानधनावर चालत होते अशा ज्येष्ठ अभिनेत्रींनी ते महिने कसे काढले, हे मी जवळून पाहिले आहे. त्याच सप्टेंबरमध्ये आशालता वाबगावकर मालिकेच्या चित्रीकरणासाठी सातारा जिल्ह्यात असताना कोरोनाने गेल्या, त्या वेळी त्या ७९ वर्षांच्या होत्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली, तेव्हा बरीच युनिट्स गोव्याला, दमणला, सिल्वासाला गेली. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या बायकांना जाता आले नाही आणि त्यांचे ट्रॅक बंद झाले. आरोग्य विमा स्वतःचा स्वतः घ्यावा, सेटवरच्या विम्यावर विसंबू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

राहिले तिच्या वडिलांचे म्हणणे. त्यांची काळजी मला चुकीची वाटत नाही, पण क्रम बदलता येईल. बँकेच्या लिपिकपदाच्या सामाईक परीक्षेला सर्वसाधारण गटात २८ व्या वर्षापर्यंत आणि अधिकारीपदाच्या परीक्षेला ३० व्या वर्षापर्यंत बसता येते. तुमची मुलगी २२ ची आहे. नायिकेच्या धाकट्या बहिणीची भूमिका २८ व्या वर्षी मिळणार नाही; परीक्षा मात्र तेव्हाही देता येईल. तिने ही मालिका करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. करारात दिवसांची हमी किंवा मोकळिकीचे कलम मिळवावे, निम्मे पैसे बाजूला टाकावेत, नाटक सोडू नये आणि २६ व्या वर्षी बसून हिशेब करावा की, मधल्या रिकाम्या महिन्यांत आपले कसे निभले. त्या महिन्यांत ती रोज उठून आवाजाचा रियाज करत होती, तालमींना जात होती, नवे काही शिकत होती, तर हा तिचा व्यवसाय आहे. फोन वाजण्याची वाट पाहत बसली असेल, तर वडिलांचे ऐकण्याची वेळ तेव्हा आलेली असेल आणि ती गेलेली नसेल.

घरातून तुम्ही काय करू शकता, तेही विचारले आहे. पहिले चार महिने तिच्याकडून घरखर्चाला काही मागू नका. गुरुवारी आकडे काय आले, हे विचारू नका. ते तिला माहीत असतात. रात्री साडेदहाला ती येईल तेव्हा जेवण गरम मिळाले तर फार बरे होते, कारण सेटवरची भाजी बारा महिने एकाच चवीची असते. आणि तिला एक २०० पानी वही आणून द्या. रोज रात्री तिने त्यात तारीख, सेटवर पोहोचल्याची वेळ, सुटल्याची वेळ आणि किती सीन झाले ते लिहावे, आणि महिन्याच्या शेवटी त्यावरूनच बिल करावे. माझ्याकडे अशा १४ वह्या आहेत. एका निर्मात्याने जेव्हा माझे नऊ दिवस मान्य करायला नकार दिला, तेव्हा पाचव्या वहीतली पाने मी त्याच्या टेबलावर उघडली आणि नऊच्या नऊ दिवसांचे पैसे घेऊन बाहेर आले.